काळ्या घोड्याची जत्रा

जत्रा कुणाला आवडत नाही? देवाची जत्रा असते, उरूस असतो, बैलबाजार असतो. आपण नवे कपडे घालतो, पोरांना बरोबर घेतो आणि निघतो. तिथे पाळणा असतो, तमाशा असतो, भजन असते, मिठाई असते. दिवसभर फिरतो आणि संध्याकाळी घरी येतो.

मुंबई शहरातही अशी एक जत्रा भरते. ती देवाची नाही. ती चित्रांची, गाण्याची, नाचाची आणि नाटकाची जत्रा आहे. तिचे नाव काळा घोडा कला महोत्सव. १९९९ साली ती प्रथम भरली. ती नऊ दिवस चालते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिचे दिवस येतात. म्हणजे भाताची झोडणी संपलेली असते, आणि उन्हाळा अजून तापलेला नसतो.

या जत्रेबद्दल आमच्या साक्षरता वर्गात एकदा वाचन झाले. वाचून झाल्यावर मागे बसलेल्या एका आत्याबाई म्हणाल्या, "गुरुजी, ते समदं खरं. पण ते आपल्यासाठी असतंय का? आपल्याला तिथं कोण आत घेईल?"

वर्ग गप्प झाला. कारण हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता. आत्याबाईंनी तो बोलून दाखवला इतकेच.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा धडा लिहिला आहे.

घोडा कुठला, काळा का?

आधी नावाची गोष्ट ऐका.

१८७५ साली इंग्लंडच्या राणीचा थोरला मुलगा हिंदुस्थानात आला होता. तोच पुढे सातवा एडवर्ड राजा झाला. त्याच्या येण्याची आठवण म्हणून ससून घराण्यातल्या एका धनिकाने त्याचा पुतळा मुंबईला भेट दिला. राजपुत्र घोड्यावर बसला आहे, असा तो पुतळा होता. १८७९ साली तो चौकात उभा राहिला. पुतळ्याचा रंग काळा दिसे. लोकांना राजाचे नाव काही लक्षात राहिले नाही. घोडा मात्र लक्षात राहिला. लोक त्या जागेला 'काळा घोडा' म्हणू लागले.

देश स्वतंत्र झाला. १९६५ साली राजाचा पुतळा तिथून हलवला. तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला. घोडा गेला, पण नाव गेले नाही. बसचा कंडक्टर, टॅक्सीवाला, टपालवाला, सगळे काळा घोडाच म्हणत राहिले.

मग २०१७ साली तिथे नवा काळा घोडा उभा केला. या घोड्यावर कोणी बसलेले नाही. पाठ मोकळी आहे. राजा गेला आणि घोडा राहिला! लोकांच्या तोंडातले नाव किती टिकते, ते यावरून कळते.

या भागात दगडी बांधकामाच्या जुन्या इमारती पुष्कळ आहेत. त्यांची नीट देखभाल व्हावी, म्हणून १९९८ साली एक संस्था निघाली. तिनेच पुढच्या वर्षी ही जत्रा सुरू केली. जत्रेतून पैसा उभा राहतो, तो जुन्या वास्तूंच्या डागडुजीला लागतो. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी काढतात, तसेच हे.

एका दिवसात जमेल का?

जमेल. कर्जत, कसारा, पालघर, डहाणू या बाजूच्या लोकांना सकाळी निघून रात्री घरी येता येते. कर्जतहून मुंबई सुमारे १०० किलोमीटर. लोकलने दोन-सव्वादोन तास लागतात.

मध्य रेल्वेने आलात तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. पश्चिम रेल्वेने आलात तर चर्चगेटला उतरा. दोन्हीकडून चालत पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे. आता २०२५ सालापासून भुयारी मेट्रोही तिथे पोचली आहे. तिच्या हुतात्मा चौक स्थानकावर उतरले तर आणखी जवळ पडते. पण पाय धड असतील तर चालतच जा. कारण बघण्यासारखे स्टेशनपासूनच सुरू होते.

टर्मिनसच्या बाहेर आल्यावर मागे वळून इमारतीकडे बघा. घाईत बघणारे फार थोडे. दगडात पाने, फुले, मोर, माकडे कोरली आहेत. हे कोरीव काम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतलेले आहे. २००४ साली या इमारतीला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. ही बघायला तिकीट लागत नाही.

तिथून दादाभाई नवरोजी रस्त्याने सरळ चाला. मोठा चौक लागेल. तो हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी प्राण दिले, त्यांचे स्मारक तिथे आहे. त्यांच्यामुळे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. स्मारकात दोन माणसे मशाल धरून उभी आहेत. एक कामगार आहे. दुसरा कोण? दुसरा शेतकरी आहे. जरा थांबा आणि त्याला हात जोडा. मुंबईच्या भर चौकात शेतकरी उभा आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

हुतात्मा चौकातून महात्मा गांधी रस्त्याने पुढे गेले की काळा घोडा आला.

जत्रेत काय काय असते?

जत्रेच्या दिवसांत तिथला रस्ता गाड्यांना बंद ठेवतात. माणसे मोकळी फिरतात. आत जायला पैसे पडत नाहीत. पोलीस आणि पहारेकरी पिशवी तपासतात. ती सगळ्यांचीच तपासतात. त्यात वाईट वाटून घेऊ नये.

रस्त्यावर मोठमोठ्या वस्तू मांडलेल्या दिसतील. कुणी भंगारातून पक्षी केलेला असतो, कुणी बाटल्यांचे झाड केलेले असते. याला मांडणशिल्प म्हणतात. म्हणजे मूर्तीसारखे, पण नुसते बघण्यासाठी नाही तर भोवती फिरण्यासाठी मांडलेले. पहिल्याने वाटते, हे काय? शेजारी पाटी असते. ती वाचा. अक्षर अक्षर लावून वाचलेत तरी चालेल. पाटी इंग्रजी असेल तर तिथल्या स्वयंसेवक पोरापोरींना मराठीत विचारा. "बाळा, हे कशाचं केलंय? काय सांगायचंय यात?" असे विचारले की ती आनंदाने सांगतात. विचारणारा माणूस अडाणी नसतो. न विचारता मान हलवणारा तसाच राहतो.

पुढे कारागिरांची दुकाने असतात. मातीची भांडी, हातमागाचे कापड, लाकडी खेळणी, दागिने. भाव चढे असतात. घेतलेच पाहिजे असे काही नाही. पण बघा जरूर, आणि भाव विचारा. आपल्या गावात ज्या गोधडीला कोणी किंमत देत नाही, तसल्याच शिवणकामाला तिथे काय मोल आहे, ते कळते. हाताला काम असणाऱ्याने हे माहीत करून घेतलेच पाहिजे.

दिवसा आणखीही कार्यक्रम असतात. मुलांसाठी चित्रकला, मातीकाम. मोठ्यांसाठी भाषणे, पुस्तकांच्या गप्पा. जुन्या इमारती दाखवत फिरवणारे जाणकार असतात. काही कार्यक्रमांना आधी नाव नोंदवावे लागते. म्हणून गेल्या गेल्या चौकशीच्या टेबलाशी जा आणि आजचे कार्यक्रम विचारा. कागदावर तीन गोष्टी बघायच्या: वेळ, ठिकाण आणि कार्यक्रमाचे नाव. एवढे तीन शब्द वाचता आले की जत्रा तुमची. दरवर्षी कार्यक्रमांच्या जागा थोड्या बदलतात. म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गाण्याचे आणि नाचाचे मोठे कार्यक्रम संध्याकाळी होतात. दिवसा येऊन परत जाणाऱ्याला ते सगळे मिळत नाहीत. रस्त्यावर वाजवणारे, नाचणारे, पथनाट्य करणारे भेटतात, तेवढे ऐकावे, बघावे. राहिले त्याची हळहळ करू नये. पंगतीत बसल्यावर सगळेच पदार्थ पोटभर खाता येत नाहीत.

गाणे कसे ऐकावे?

एखाद्या ठिकाणी शास्त्रीय गाणे चालू असले तर दोन मिनिटांत उठू नका. गवई सुरुवातीला अगदी सावकाश गातो. शब्द फारसे नसतात. यालाच आलाप म्हणतात. नांगरट झाल्याशिवाय पेरणी होत नाही, तसे हे. गवई आधी रागाची जमीन तयार करतो.

मग तबला सुरू होतो. आपल्या भजनात टाळकरी ठेका धरतात, तसाच हा ठेका. तीनताल नावाच्या तालात सोळा मात्रा असतात. बोटांवर मोजत राहा. सोळा झाल्या की पुन्हा एक. या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गवई कितीही दूर फिरून आला तरी समेवर नेमका पोचतो. ऐकणारे तेव्हा मान डोलावतात किंवा 'वा' म्हणतात. एकदा सम कळली की गाण्यात गंमत वाटू लागते. ज्याने भजनात टाळ धरला आहे, त्याला हे शहरातल्या माणसापेक्षाही लवकर कळेल.

गाणे चालू असताना बोलू नये. मोबाइलचा आवाज बंद ठेवावा. उठायचेच असेल तर एक चीज संपल्यावर उठावे.

दाराशी थांबलेल्या चपला

आता आत्याबाईंच्या प्रश्नाकडे येऊ.

पुढच्या वर्षी आमच्या वर्गातले आठ जण ही जत्रा बघायला गेले. आत्याबाईही होत्या. रस्त्यावर सगळे मजेत फिरले. मग जहांगीर कलादालन आले. ही इमारत १९५२ साली उभी राहिली. तिथे वर्षभर चित्रांची प्रदर्शने भरतात आणि आत जायला पैसे लागत नाहीत. आठही जण दाराशी येऊन उभे राहिले. आत दिव्यांचा उजेड, गुळगुळीत फरशी, चांगल्या कपड्यातली माणसे. कोणी नको म्हटले नाही. कोणी हटकले नाही. तरी पाय पुढे पडेना.

शेवटी आत्याबाई पुढे झाल्या. उंबऱ्याशी त्यांनी चपला काढल्या आणि बाजूला नीट लावून ठेवल्या.

दारावरचा पहारेकरी म्हणाला, "मावशी, चपला घाला. इथं काढायच्या नसतात. जा आत, बघा सावकाश."

आत्याबाई म्हणाल्या, "पैसे?"

"पैसे नाही लागत."

असे ते आत गेले. चित्र कसे बघावे हे वर्गात सांगितलेले होते. आधी लांबून बघायचे, मग जवळून, मग पुन्हा लांबून. हात लावायचा नाही. घामाच्या हाताने रंग खराब होतो.

एका भिंतीवर भातलावणीचे मोठे चित्र होते. चिखल, पाऊस, ओणवलेल्या बाया. आत्याबाई त्यापुढे खिळल्या. लांबून बघितले, जवळून बघितले. मग सोबतच्या बाईला म्हणाल्या, "बाया चुकीच्या उभ्या हायत."

चित्रकार तिथेच खुर्चीवर बसला होता. जहांगीरमध्ये पुष्कळदा चित्रकार आपल्या चित्रांजवळ बसलेले असतात. त्याने ते ऐकले. तो उठून आला. सगळे घाबरले. आता हा रागावणार!

तो म्हणाला, "मावशी, काय चुकलं?"

आत्याबाईंनी पदर सावरला आणि सांगितले. "हे बघा दादा. लावणी करताना बाई मागं मागं सरकते. लावलेली रोपं तिच्या तोंडासमोर असतात. तुम्ही रोपं तिच्या पाठीमागं काढलीत. आता ही बाई मागं सरकली की आपलंच भात तुडवील की!"

चित्रकार चित्राकडे बघत राहिला. मग हसला. म्हणाला, "खरं आहे. मी बांधावरून बघितलं होतं. चिखलात उतरलो नव्हतो." त्याने वही काढली आणि आत्याबाईंना आणखी चार गोष्टी विचारल्या. मूठ किती रोपांची? ओळ कशी धरता? इरलं घेता की प्लास्टिकचा कागद? आत्याबाई सांगत होत्या आणि तो लिहून घेत होता.

परतीच्या गाडीत आत्याबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, आत गेल्यावर आपल्याला काई कळायचं न्हाई. पण माझंच काम भिंतीवर टांगलं होतं की!"

या भिंतीवर आपले लोक आधीच पोचलेत

आत्याबाईंचे म्हणणे खरे आहे. दुसरेही एक उदाहरण बघा.

डहाणू तालुक्यात वारली समाज राहतो. लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या कुडाच्या भिंतीवर चौक लिहितात. गेरूच्या किंवा मातीच्या तांबड्या रंगावर तांदळाच्या पिठाचे पांढरे चित्र. गोल, त्रिकोण आणि चौकोन यांतून माणसे, झाडे, बैल उभे राहतात. हे काम बायकांचे मानले जाई. जिव्या सोमा मशे हे गंजाडचे वारली गृहस्थ. त्यांनी लग्नकार्य नसतानाही ही चित्रे काढायला सुरुवात केली. कागदावर, कापडावर ती उतरवली. १९७० नंतरच्या दशकात त्यांची चित्रे मुंबईत लागली. पुढे ती परदेशात गेली. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. आज वारली चित्र साडीवर, भिंतीवर, वहीवर सगळीकडे दिसते. त्याचे मूळ कुडाच्या भिंतीवर आहे.

काळा घोड्याच्या चौकात एक जुने वाचनालय आहे. त्याचे नाव डेव्हिड ससून वाचनालय. आजची पिवळसर दगडाची इमारत १८७० साली पुरी झाली. पण वाचनालयाचे मूळ १८४७ सालचे आहे. ते कुणी सुरू केले ठाऊक आहे? टाकसाळीत आणि गोदीत यंत्रांवर काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी! दिवसभर हत्यार धरणाऱ्या हातांना पुस्तक हवे होते, म्हणून ते निघाले. आता तुम्हीही वाचायला शिकला आहात. त्या इमारतीसमोर उभे राहिलात तर तिच्याकडे परक्यासारखे बघू नका.

निघण्याआधी लक्षात ठेवा

१. जत्रेच्या तारखा आधी विचारून घ्या. वर्तमानपत्रात येतात.

२. शनिवार-रविवारी फार गर्दी होते. रविवारी लोकलचा मेगाब्लॉकही असतो. त्यामुळे मधला वार चांगला.

३. परतीचे तिकीट जातानाच काढा. शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका. त्याआधीची दोन गाड्यांची वेळ लिहून ठेवा.

४. भाकरी आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या. तिथले खाणे महाग पडते. उन्हासाठी टोपी किंवा टॉवेल ठेवा.

५. पैसे दोन ठिकाणी ठेवा. गर्दीत खिसे कापले जातात.

६. चुकामूक झाली तर भेटण्याची जागा आधी ठरवा. काळा घोडा हीच खूण सगळ्यांत सोपी. मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या खिशात नाव व फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

७. सगळे बघण्याचा हट्ट नको. तीन-चार गोष्टी निवडा आणि त्या पोटभर बघा. शेजारचे मोठे वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांना खुले झाले. ते बघायला तिकीट लागते आणि निम्मा दिवस जातो. ते पुढच्या खेपेला ठेवा.

८. घरी आल्यावर जे आवडले ते चार ओळींत लिहून ठेवा. शिकलेल्या अक्षराचा यासारखा उपयोग नाही.

शेवटी

"ते आपल्यासाठी असतंय का?" असे आत्याबाईंनी विचारले होते. त्याचे उत्तर आता त्याच देतात. वर्गात नवीन बाई आली आणि बुजली, तर आत्याबाई तिला म्हणतात, "दार उघडं असलं तर आत जावं. चपला घालूनच जावं. आणि चुकलेलं दिसलं तर सांगावं."

यंदा वर्गातले बाराजण जाणार आहेत. आत्याबाईंनी गाडीची वेळ स्वतः पाटीवर लिहिली आहे. अक्षर थोडे वाकडे आहे, पण वेळ बरोबर आहे.